ब्रेनर हॉलचा पलंगपोस

१

चोरी झाली की चोर शोधायचा, एवढं साधं काम. पण ब्रेनर हॉलच्या दारात गाडी लावल्यापासून जो तो धर्मराज गजभियेला चोर आयताच आणून देत होता, आणि सगळ्यांचा चोर एकच होता. असलं आयतं काही हातात पडलं की धर्मराजचं डोकं फिरायचं.

तो विमा कंपनीचा माणूस. जुनी चित्रं, जुनं फर्निचर, जुनी कापडं, असलं काही हरवलं किंवा जळलं की कंपनी त्याला पाठवायची. पिस्कॅटवेच्या आपल्या घरून उजाडायच्या आत निघून तो पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात पोचला होता. एप्रिल लागला तरी वाटेत बर्फ. जीपीएसने एका शेतात नेऊन घातलं, तिथल्या कुत्र्याने गाडीभोवती फेऱ्या मारल्या, आणि गेल्या तासाभरात जी कॉफी मिळाली ती कॉफी म्हणायच्या लायकीची नव्हती.

"तुमची फक्त सही हवी आहे," लॉरेल ब्रेनर म्हणाली. "बाकी सगळं स्पष्टच आहे."

"स्पष्ट असतं तर मला कशाला बोलावलंत?"

लॉरेलने हे ऐकलंच नाही असं दाखवलं. लोखंडाच्या भट्ट्यांवर गबर झालेल्या ब्रेनर घराण्याची ही शेवटची मुलगी. घर आता म्युझियम झालं होतं आणि ती त्याची डायरेक्टर होती. हिवाळ्यात घर बंद असायचं, खुर्च्या-टेबलांवर पांढऱ्या चादरी पडायच्या, आणि एप्रिलमध्ये सगळं परत उघडायचं. या घराची शान म्हणजे निळ्या खोलीतला पलंग. त्याचे चार पडदे आणि वरचा पलंगपोस, सगळं अडीचशे वर्षांपूर्वी गुजरातेत खंबायतला भरलेलं. पांढऱ्या सुती कापडावर रेशमी साखळी टाका, मधोमध एक झाड, झाडावर पक्षी.

नोव्हेंबरात घर बंद करताना हे सगळं पुठ्ठ्याच्या जाड नळ्यांवर गुंडाळून, वर मलमल बांधून, लेबलं लावून कोठीत ठेवलं होतं. परवा पलंगावर घालायला म्हणून पलंगपोसाची गुंडाळी सोडली, तर आतून निघाली नक्कल! शाळेतल्या मुलांना हात लावून बघता यावं म्हणून मशीनवर भरून घेतलेली पॉलिएस्टरची नक्कल.

"गुंडाळी उपासना मेश्रामने बांधली," लॉरेल म्हणाली. "लेबलावर सही तिची. कोठीची किल्ली तिच्याकडे. चारला आमच्या ट्रस्टींची मीटिंग आहे. तिला काढायचं आणि पोलिसांना कळवायचं, असं ठरलंय."

"ठरलंय म्हणजे? चौकशीच्या आधी?"

"मिस्टर गजभिये, सध्या आमचं छप्पर गळतंय. चोरीच्या चर्चेने देणगीदार पळाले तर घर उभं राहणार नाही. लवकर संपलेलं बरं."

धर्मराजने मनात नोंद केली की छप्पर गळणाऱ्या बाईला विम्याचा चेकही गोड लागेल. मग तो वाकून नकलेची गुंडाळी बघायला लागला. सोडलेली मलमल तशीच टेबलावर पडली होती, नक्कल अर्धी नळीवरच होती. भरतकाम आतल्या बाजूला, उलटी बाजू वर. त्याने पुढचा वेढा उलगडला तशी टकटक करत काहीतरी टेबलावर पडलं.

लवंग होती. एक, आणि तिच्यामागून आणखी दोन.

लॉरेलने लवंग उचलली, वास घेतला आणि शांतपणे त्याच्यापुढे धरली. "हा तुमच्याकडचाच मसाला ना? या घरात भारतीय नोकर एकच आहे."

२

उपासना मेश्राम खालच्या वर्करूममध्ये हात बांधून उभी होती. तिशीची मुलगी, नागपूरची, जुनी कापडं जतन करायचं शिक्षण घेतलेली. कुणीतरी तिच्या टेबलावरची सुया-दोऱ्यांची पेटी काढून नेली होती. टेबल रिकामं आणि तिचा चेहरा लाल.

"इंग्लिशमध्ये बोलायचं की मराठीत?" धर्मराजने विचारलं.

तिने क्षणभर बघितलं आणि एकदम भडकली. "कशातही बोला हो काका! ऐकतंय कोण? तीन दिवस झाले सांगतेय. सगळे मान हलवतात, 'वी हिअर यू' म्हणतात, आणि पेटी उचलून नेतात."

"मी ऐकतोय. सांगा."

"मला अहोजाहो करू नका, रडू येईल." तिने नाक पुसलं. "नोव्हेंबरात शेवटच्या शनिवारी दोन गुंडाळ्या केल्या, एक ओरिजिनल आणि एक नक्कल. नक्कल कीथच्या क्लाससाठी बाजूला. कीथ हॉस्टेटर, आमचा शाळांचा विभाग बघतो तो. दोन्ही बांधल्या, लेबलं लावली. तेवढ्यात बर्फ येतोय म्हणून पडदे आवरायला वर गेले. परत आले तर दोन्ही तशाच टेबलावर होत्या. ओरिजिनल कोठीत ठेवली, नक्कल कीथच्या कपाटात. संपलं."

"आणि लवंग?"

"काय लवंग?"

"गुंडाळीत होती."

"लवंग? कापडात? मी?" तिने टेबलाची कड धरली. "अहो, लवंगेचं तेल सुटतं, डाग पडतात. आमच्यात कुणी कापडाजवळ लवंग ठेवली तर त्याची डिग्री काढून घेतील!"

"मग कुणी ठेवली?"

"मला काय माहीत!"

याच उत्तराची धर्मराजला सगळ्यात जास्त चीड होती. त्याने हातातली वही मिटली. "उपासना, 'मला काय माहीत'वर नोकरी वाचत नाही. व्हिसाही वाचत नाही."

"नोकरी जाऊ दे, काका. नोकरी दुसरी मिळेल, धावपळ करीन." आता तिचा आवाज खाली आला. "पण चोर म्हणून नाव झालं की कुठलं म्युझियम मला कापडाला हात लावू देईल? या कामात दुसरं असतं काय? लोक आपली वस्तू विश्वासाने हातात देतात, तेवढंच."

ते खरं होतं, आणि त्याच्याकडे तिला द्यायला काहीच नव्हतं. मग आपलं काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "त्या ओरिजिनलची काही खूण? परत सापडला तर ओळखायचा कसा?"

"साळुंकीवरून. झाडाच्या उजव्या फांदीवर काळी साळुंकी आहे. जुन्या काळ्या रंगात लोखंड असायचं, ते रेशमाला आतून खात जातं. नोव्हेंबरात पलंगावरून उतरवताना तिच्या डोक्याचा दोरा माझ्या डोळ्यांदेखत भुगा होऊन पडला. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. म्हणजे आता तिला डोकंच नाही. फोटोंत आहे, पोस्टकार्डावर आहे, नकलेवर आहे. ओरिजिनलवर नाही."

"हे कुणाकुणाला ठाऊक?"

"लॉरेलला तोंडी सांगितलं होतं. ती 'ओ डिअर' म्हणाली आणि छपराचं बोलायला लागली."

निघता निघता धर्मराज थांबला. "एक सांग. भरतकाम गुंडाळताना आत ठेवतात की बाहेर?"

"बाहेर. आत ठेवलं तर टाके चिरडतात, सुरकुत्या भरतकामावर पडतात. पहिल्या वर्षी शिकवतात हे. का?"

"नक्कल आतून गुंडाळली होती."

ती अक्षरशः धावत कोठीत गेली. चारही पडद्यांच्या गुंडाळ्यांची मलमल तिने बाजूला करून दाखवली. चारही भरतकाम बाहेर. "बघा! माझा हात हा आहे. ती दुसऱ्या कुणीतरी गुंडाळली!"

"किंवा तू घाईत गुंडाळलीस, असं म्हणतील."

तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला स्वतःचाच राग आला. बाहेर ओसरीवर येऊन त्याने घरी फोन लावला. नेटवर्कची एकच काडी होती, तीही कठड्याला टेकून उभं राहिलं तर.

"अंजना, भरजरी साडीची घडी कशी घालतेस? जर आत की बाहेर?"

"आत. जर काळी पडते बाहेर ठेवली तर." बायको पलीकडून म्हणाली. "आणि घडीत चार लवंगा, कसर लागू नये म्हणून. हे विचारायला फोन केलास? तिथे काय साड्या विकायला गेलायस का?"

धर्मराजने फोन खिशात घातला. भरतकाम आत, घडीत लवंगा. कोणीही मराठी बाई डोळे मिटून हेच करेल. आणि या घरात पगारावर मराठी बाई एकच होती. पुरावा जेवढा म्हणून सापडत होता तेवढा पोरीच्याच गळ्यात पडत होता.

३

कीथ हॉस्टेटर मात्र दिलखुलास माणूस निघाला. याच गावात जन्मलेला, अर्ध्या गावाला शाळेपासून ओळखणारा. मुलांचे क्लास जुन्या तबेल्यात भरायचे. तिथे जाताना दोघं मोठ्या घरातून गेले. सगळ्या खोल्यांमधल्या चादरी निघाल्या होत्या, लाकडाला पॉलिश चढलं होतं. एकाच खोलीत अजून अंधार, मधल्या लांबरुंद टेबलावर पांढरी चादर तशीच.

"बिलियर्ड्सची खोली," कीथ म्हणाला. "तिथली चिमणी गळते. म्हटलं, या वर्षी बंदच ठेवू."

तबेल्यात छोट्या खुर्च्या होत्या. धर्मराज एका खुर्चीत कसाबसा मावला आणि गुडघे हनुवटीला लागले. अशा बैठकीत कुणाला काय जाब विचारणार?

"मला उपासनाबद्दल वाईट वाटतं," कीथ म्हणाला. "हुशार आहे ती. पण नक्कल फाटायला आली होती. घर बंद करायच्या कितीतरी आधी मी तिला म्हटलं, टाकून दे. तिने ती टाकली नसणार, जपून ठेवली असणार. ओरिजिनलच्या जागी घालायला."

"ती म्हणते, तिने नक्कल गुंडाळून तुमच्या कपाटात ठेवली."

"ती म्हणेलच ना." त्याने खांदे उडवले. "कपाट बघा. रिकामं आहे."

कपाट रिकामंच होतं.

"मग हिवाळ्यातले क्लास कशावर घेतलेत?"

"फोटोंवर. पोस्टकार्डं आहेत आमच्याकडे. मुलांना तेवढं पुरतं." कीथने भिंतीकडे हात केला. "बघा ना, किती गोड काढलंय. फेब्रुवारीतली आहेत ही."

भिंतभर मुलांची चित्रं लावली होती. झाडंच झाडं, जांभळीसुद्धा, आणि फांद्यांवर कोंबड्यांएवढे पक्षी. एका पोराने उजव्या फांदीवरच्या काळ्या पक्ष्याला डोकंच काढलं नव्हतं. शेजारच्या चित्रातही नव्हतं. चित्र पुरं करायला वेळ कमी पडला असेल बिचाऱ्यांना, असं धर्मराजच्या मनात आलं आणि त्याची नजर घड्याळावर गेली. चार वाजायला फार वेळ उरला नव्हता. हाती काय, तर एक म्हणते ठेवली आणि दुसरा म्हणतो टाकायला सांगितली. शब्दाला शब्द. आणि त्यातला एक शब्द गावच्या माणसाचा, दुसरा परदेशातून आलेल्या पोरीचा. ट्रस्टी कुणाचा धरणार हे सांगायला विम्याचा माणूस कशाला हवा?

"त्या शेवटच्या शनिवारी वर्करूममध्ये आणखी कोण होतं?" त्याने उठता उठता विचारलं. गुडघा कडकन वाजला.

"व्हॉलंटिअर्स असतात. त्या दिवशी फक्त हिमानी होती. आज आलीये, किचनमध्ये पितळ घासतेय. तिला काही बोलू नका प्लीज, व्हॉलंटिअर्सना यातलं काही माहीत नाही." आणि मग सहज म्हणून कीथ म्हणाला, "तीही इंडियन आहे."

धर्मराज जागच्या जागी थांबला. सकाळी लॉरेलने 'भारतीय नोकर एकच' असं सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. हिमानी नोकर नव्हती.

४

"अय्या, तुम्ही मराठी!" हिमानी पितळेची समई घासावी तशा प्रेमाने एक मेणबत्तीदान घासत होती. "मी हिमानी. स्टेट कॉलेज गावाहून येते दर सॅटर्डेला. विक्रम, म्हणजे माझा नवरा, दिवसभर कॉलवर असतो. मग मी म्हटलं, आपण जरा आर्टमध्ये काहीतरी करावं. आम्ही पुण्याचे. आणि तुम्ही? गजभिये म्हणजे... कुठले हो?"

"नागपूरचे."

"हां हां, नागपूर." तिने मान डोलवली. तो प्रश्न कुठून निघतो आणि कुठे जातो, हे धर्मराज लहानपणापासून ओळखत होता. अटलांटिक ओलांडला तरी तो प्रश्न बरोबर आलाच होता, व्हिसाबिसा न लागता.

"नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारी वर्करूममध्ये होतात ना तुम्ही? उपासना वर गेली तेव्हा?"

"होते की."

"टेबलावरच्या गुंडाळ्यांना हात लावलात?"

हिमानीने मेणबत्तीदान खाली ठेवलं. मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "कुणी कम्प्लेंट केली का? लावू नका म्हणतात ते माहितेय मला. पण मला राहवेना. अहो, एवढं रेशमी काम, आणि हिने सगळं बाहेर ठेवून गुंडाळलेलं! मलमल जरा सरकली होती ना, त्यातून दिसलं मला. आमच्याकडे आजीपासूनच्या पैठण्या आहेत. भरतकाम बाहेर ठेवतं का कुणी? म्हटलं, आपण नीट करून ठेवावं. आतून गुंडाळलं, पर्समध्ये लवंगा होत्या त्या घातल्या, परत बांधलं. कुणाला कळलंही नाही."

"उपासनाला का नाही सांगितलंत? ती या विषयात शिकलेली आहे."

"शिकलेली असेल हो. सर्टिफिकेट काय, मिळतं." हिमानी समजूत घातल्यासारखं हसली. "पण या गोष्टी घरात बघून येतात. तिच्याकडे असं कुठे काही असणार? तिला वाईट वाटायला नको म्हणून मी गप्प राहिले."

धर्मराजच्या तोंडापर्यंत आलेलं त्याने मोठ्या कष्टाने गिळलं. एवढी वर्षं गिळून गिळून सवय झाली होती, तरी दर वेळी ते कडूच लागायचं. पण आत्ता भांडून चालणार नव्हतं. आत्ता त्याला एकच उत्तर हवं होतं.

"गुंडाळ्या म्हणालात. किती?"

"दोन. दोन्ही सोडल्या, दोन्ही नीट केल्या. जवळजवळ सारख्याच होत्या, एक मऊ आणि एक जरा खरखरीत."

"एकीची मलमल एकीलाच बांधलीत? लेबलं बघितलीत?"

"लेबलं?" हिमानीचा हात गालावर गेला. "अहो, उपासना येईल म्हणून मी घाईत होते. हाताला येईल ती मलमल बांधली. का? काय झालं?"

धर्मराज उत्तर न देता तबेल्याकडे पळत सुटला. गुडघ्याने शिव्या घातल्या, त्याने ऐकल्या नाहीत. भिंतीपुढे उभं राहून त्याने एकेक चित्र नीट बघितलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

५

चार वाजता लायब्ररीत ट्रस्टी जमले. लॉरेलने सुरुवातीलाच सांगितलं की झालेला प्रकार दुःखद आहे आणि उपासना मेश्रामला कामावरून काढण्याचा प्रस्ताव मांडलेला आहे. उपासना दाराजवळ उभी होती. तिला खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. धर्मराजने हिमानीलाही आणून बसवलं होतं आणि त्यावरून लॉरेलच्या कपाळाला आठी पडली होती.

"चोरी झालेलीच नाही," धर्मराज म्हणाला. "सही करायला बोलावलंत म्हणून सांगतो, मी करणार नाही."

कुजबुज झाली. त्याने ती संपू दिली.

"मिसेस हिमानींनी त्या शनिवारी दोन्ही गुंडाळ्या सोडल्या आणि आपल्या पद्धतीने परत बांधल्या. भरतकाम आत, घडीत लवंग. आमच्याकडे साड्या अशाच ठेवतात. त्या गडबडीत दोन्हींच्या मलमली, लेबलांसकट, बदलल्या गेल्या. म्हणजे ओरिजिनल म्हणून कोठीत गेली ती नक्कल, आणि नक्कल म्हणून कीथच्या कपाटात गेला तो अडीचशे वर्षांचा पलंगपोस."

हिमानीच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

"माझ्या कपाटात काहीही आलं नाही," कीथ म्हणाला. "मी सांगितलंय, नक्कल आधीच टाकायला—"

"तेच तर. घर बंद करायच्या कितीतरी आधी टाकायला सांगितलेली नक्कल त्या शेवटच्या शनिवारी टेबलावर, ओरिजिनलच्या शेजारी बांधून तयार होती. उपासना म्हणते म्हणून नव्हे. ज्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं त्या हिमानी म्हणतात. चोरी करणारी बाई नक्कल लपवेल. सगळ्यांसमोर टेबलावर ठेवेल का?"

कीथने खुर्ची मागे सरकवली.

"आणि तुम्ही मला सांगितलंत, फेब्रुवारीत मुलांना फक्त फोटो दाखवले." धर्मराजने भिंतीवरून काढून आणलेली चित्रं टेबलावर मांडली. "हा काळा पक्षी बघा. डोकं नाही. याच्यात नाही. याच्यातही नाही. मघाशी मला वाटलं, पोरांनी घाई केली. पोरांनी घाईबिघाई काही केली नाही, दिसलं ते काढलं. फोटोत त्याला डोकं आहे. पोस्टकार्डावर आहे. नकलेवर आहे, ती वरच्या टेबलावर पडलीय, जाऊन बघा. डोकं नाही ते फक्त ओरिजिनलवर, आणि तेही नोव्हेंबरात उतरवताना गळून पडल्यापासून. मिस ब्रेनर, उपासनाने सांगितलं होतं ना तुम्हाला?"

लॉरेलने नाइलाजाने मान हलवली.

"म्हणजे फेब्रुवारीत मुलांपुढे ओरिजिनल अंथरलेला होता. तुम्ही अंथरला होतात, मिस्टर हॉस्टेटर. तेव्हा तुम्हाला ते माहीत नव्हतं. पण आज दुपारी माझ्याशी खोटं बोललात, म्हणजे मधे कधीतरी कळलं."

कीथने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला.

"पक्ष्याचं डोकं गेलेलं दिसलं तेव्हा मला वाटलं, मुलांनीच नक्कल कुरतडली," तो शेवटी म्हणाला. "मार्चमध्ये एका मुलीने त्यावर ज्यूस सांडला. मी नळाखाली धरून चोळलं, नेहमी चोळतो तसं. तर माझ्या हातांना लाल रंग लागला. पॉलिएस्टरचा रंग जात नाही. तेव्हा कळलं की माझ्या हातात काय आहे." त्याने उपासनाकडे बघायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "मी सांगणार होतो. रोज सांगणार होतो. मग गुंडाळी उघडली, आणि लॉरेलने लगेच तिचं नाव घेतलं. सगळ्यांना पटलं. मला काही करावंच लागलं नाही."

"नक्कल टाकायला सांगितली, एवढी पुरवणी मात्र जोडलीत," धर्मराज म्हणाला.

"कुठे आहे तो?" उपासना पहिल्यांदाच बोलली. "वाळवला कसा? घडी घातली का? कीथ, घडी घातलीत का?"

"नाही. सपाट आहे. बिलियर्ड्स टेबलावर, चादरीखाली."

ती कुणाची वाट न बघता निघाली.

६

चादर काढली. झाड होतं, पक्षी होते. पण एका कोपऱ्यात फुलांचा लाल रंग फुटून पांढऱ्यावर हातभर पसरला होता, आणि कड आखडून वर आली होती. उपासनाने वाकून, हात न लावता, तो कोपरा नुसता बघितला. तिचे ओठ हलत होते, बहुतेक काय काय करावं लागेल ते ती मनात म्हणत होती.

हिमानी पुढे आली. रडून डोळे सुजले होते. "उपासना, सॉरी गं. मला खरंच वाटलं, मी चांगलंच करतेय."

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं," उपासना वर न बघता म्हणाली. "तुम्हाला वाटलं, मला माहीतच नसणार. लॉरेलला वाटलं, मीच चोरलं असणार. दोघींनाही विचारावंसं वाटलं नाही."

हिमानी मागे सरकली. कोडं सुटलं की बरं वाटतं म्हणतात, पण धर्मराजला काही तसं वाटत नव्हतं. चोर सापडला असता तर निदान एकावर चिडता आलं असतं.

लॉरेलने घसा साफ केला. ट्रस्टी तिच्यामागे दाटीने उभे होते. "तर, एकंदरीत हा एक दुर्दैवी गैरसमज होता. वस्तू सापडली आहे, घराबाहेर गेली नव्हती. मला वाटतं, हे आपण आपल्यातच ठेवावं आणि पुढे जावं. मीटिंग संपली असं—"

"नाही संपली," उपासना म्हणाली.

ती सरळ उभी राहिली. "तासाभरापूर्वी याच लोकांसमोर चोरीबरोबर तुम्ही माझं नाव घेतलंत. पहिलं नाव, आडनाव, सगळं. आता गैरसमज म्हणताय, तर त्यात कुणाचंच नाव नाही?"

"उपासना, सगळ्यांना समजलंय की—"

"समजलं असेल. मला ऐकायचंय."

लॉरेलने धर्मराजकडे बघितलं. माणूस विम्याचा आहे, काहीतरी मध्यम मार्ग काढेल, अशी तिची अपेक्षा दिसत होती. धर्मराजने हातांची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला. लागेल तेवढा वेळ लागू दे.

बराच लागला. एका ट्रस्टीने पाय बदलला. कीथ मान खाली घालून उभा होता.

"उपासना मेश्राम हिने काहीही चोरलेलं नाही," लॉरेल म्हणाली. "तिने तिचं काम नीट केलं होतं. आरोप चुकीचा होता, आणि तो मी केला."

"थँक यू." उपासना टेबलाकडे वळली. "हे वाक्य लक्षात ठेवा, प्लीज. हा कोपरा होईल तेवढा मी वाचवीन, त्याला उन्हाळा जाईल. मग मी जाणार आहे. दुसऱ्या म्युझियमच्या लोकांना मी तुमचा नंबर देईन. ते फोन करतील, माझ्याबद्दल विचारतील. तेव्हा हेच सांगा. एवढंच, असंच."

मग तिने बाह्या वर सारल्या आणि सगळ्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. लॉरेल सगळ्यांच्या आधी बाहेर पडली.